मऊ पितळ कठीण पोलादाला कसे कापते: प्रतिकृती नौकेच्या शाफ्टची झीज

रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती नौकेचा बराच वापरलेला शाफ्ट, म्हणजे मोटरची गती प्रोपेलरपर्यंत नेणारा दांडा, नळीतून ओढून काढला आणि कापडाने स्वच्छ पुसला, तर नळीच्या दोन्ही टोकांना जिथे बुश, म्हणजे शाफ्टला आधार देणाऱ्या धातूच्या छोट्या कड्या, बसतात नेमक्या त्याच जागी त्यावर नखाला जाणवेल अशी गोलाकार खाच पुष्कळदा आढळते. शाफ्ट पोलादाचा असतो आणि बुश पितळेचा किंवा कांस्याचा, म्हणजे दोहोंत मऊ धातू बुशचा. मग आधी झिजायला हवा तो बुश. प्रत्यक्षात मात्र पोलादच अधिक कापले गेलेले दिसते. झीज टाळण्याचे जवळजवळ सगळे उपाय या एका विसंगतीच्या उलगड्यातून निघतात.

मोटर थांबली किंवा नौका मागे घेतली, की प्रोपेलरच्या बाजूने थोडे पाणी नळीत शिरते आणि उथळ पाण्यात ढवळलेला बारीक गाळही त्याच्याबरोबर आत येतो. या गाळातले वाळूचे कण मुख्यतः गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे असतात आणि क्वार्ट्झ साध्या पोलादापेक्षा कठीण असते. असा कण शाफ्ट आणि बुश यांच्यामधल्या फटीत सापडला की तो दोहोंपैकी मऊ धातूत रुतून बसतो. तिथे त्याला पक्के कोंदण मिळते आणि समोरून फिरणाऱ्या शाफ्टला तो कानशीच्या दातासारखा ओरखडत राहतो. कारखान्यांत लॅपिंग नावाची प्रक्रिया हेच तत्त्व मुद्दाम वापरते: कठीण पोलाद घासून गुळगुळीत करण्यासाठी तांब्याच्या किंवा बिडाच्या तुलनेने मऊ साधनात घर्षक पूड रुतवतात. म्हणूनच खाच पडलेला शाफ्ट बदलून जुना बुश तसाच ठेवणे मला सर्वांत महागडी काटकसर वाटते, कारण रुतलेले दात त्या बुशात शाबूत असतात आणि नव्या शाफ्टला पहिल्या फेरीपासून कापू लागतात. शाफ्ट आणि बुश जोडीनेच बदलावेत.

झीज किती होईल, याचा एक सोपा नियम जॉन आर्चर्ड यांनी 1953 साली मांडला. झिजून गेलेल्या धातूचे आकारमान हे दाब आणि घासण्याचे एकूण अंतर यांच्या प्रमाणात वाढते आणि धातूच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. यातले अंतर आपल्या कल्पनेपेक्षा बरेच मोठे असते. 4 मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट मिनिटाला 30,000 फेरे घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग बुशवरून सेकंदाला सुमारे 6.3 मीटर वेगाने सरकतो आणि दहा मिनिटांच्या एका खेळात पावणेचार किलोमीटर घासला जातो. एवढ्या घासण्यातून तो टिकतो, याचे श्रेय वंगणाच्या पातळ थराला आहे.

या थराचे सामर्थ्य 1883 साली ब्यूशॅम्प टॉवर यांच्या प्रयोगात अनपेक्षितपणे दिसले. रेल्वेच्या बेअरिंगांची, म्हणजे फिरत्या दांड्याला पेलणाऱ्या आधारांची, चाचणी घेताना त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी एक छिद्र पाडले, तर फिरत्या दांड्याने त्यातून तेलच वर ढकलले आणि छिद्रात ठोकलेले बूचही बाहेर पडले. फिरणारा दांडा तेलाला स्वतःखाली ओढतो आणि त्या तेलाच्या दाबावर स्वतःच उचलला जातो, हे त्यामागचे गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 साली उलगडले. आपल्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. थर तयार होण्यासाठी वेग लागतो, त्यामुळे सुरुवातीच्या आणि अगदी संथ फेऱ्यांत धातूला धातू लागतोच. शिवाय थराच्या जाडीपेक्षा मोठा कण आत आला, की वंगण कितीही चांगले असले तरी तो दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी भिडतो.

त्यामुळे नळीतले ग्रीस दुहेरी काम करते: घर्षण कमी करते आणि पाण्याची वाट अडवते. दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. पाण्यात न विरघळणारे, न धुपणारे सागरी वापराचे ग्रीस नळीत पोकळी न ठेवता भरावे. फार घट्ट ग्रीस मात्र मोटरवर ओझे टाकते आणि बॅटरी लवकर उतरवते. ग्रीस भरण्यासाठी नळीला उभी बारीक नळी जोडली असेल, तर तिचे तोंड नौकेच्या बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या वर असावे, नाहीतर तिथूनच पाणी आत चढते. मोठ्या जहाजांनाही हा प्रश्न चुकला नव्हता. सुरुवातीच्या स्क्रू-जहाजांतली, म्हणजे प्रोपेलरवर चालणाऱ्या जहाजांतली, धातूची बेअरिंगे झपाट्याने झिजत, तेव्हा जॉन पेन यांनी 1854 साली लिग्नम व्हायटी या अतिशय कठीण लाकडाच्या पट्ट्या बसवून त्यांच्या खाचांतून समुद्राचेच पाणी वाहू दिले. प्रतिकृती नौकेच्या बंद नळीत पाणी असे वाहत नाही. ते साचते, म्हणून त्याला बाहेर ठेवणे हाच मार्ग उरतो. साचलेले पाणी स्टेनलेस स्टीललाही सोडत नाही, कारण त्याचे रक्षण करणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडच्या थराला टिकण्यासाठी प्राणवायू लागतो आणि अरुंद फटीतल्या खाऱ्या पाण्यात तो संपल्यावर बारीक खड्डे पडू लागतात.

आर्चर्डच्या नियमातला दाब मात्र बांधणी करणाऱ्याच्याच हाती असतो. मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नसतील, तर दोहोंना जोडणारा सांधा, म्हणजे कपलिंग, तो दोष लपवते आणि त्याचा भार बुशच्या एकाच बाजूवर टाकत राहते. मोटर पक्की करताना कपलिंगऐवजी दोन्ही दांड्यांवर घट्ट बसणारा सरळ नळीचा तुकडा घालावा, मोटर त्या स्थितीत कायम करावी आणि मगच कपलिंग बसवावे. लांब शाफ्टला आणखी एक धोका असतो. 4 मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट 300 मिलिमीटर अंतरावरच्या दोन बुशांवर टेकला असेल, तर मिनिटाला सुमारे 5,300 फेऱ्यांच्या आसपास तो धनुष्यासारखा वाकून थरथरू लागतो. मध्ये एक बुश घालून हे अंतर निम्मे केले, की धोक्याचा वेग चौपट होतो. प्रोपेलरचा तोलही असाच दुर्लक्षित राहतो. मध्यापासून 10 मिलिमीटरवर अवघे 0.1 ग्रॅम वजन जास्त असेल, तर मिनिटाला 30,000 फेऱ्यांच्या वेगाला शाफ्टवर जवळजवळ एक किलो वजनाइतका ओढा पडतो आणि तो प्रत्येक फेऱ्यागणिक दिशा बदलतो.

वेगवान नौकांतला तारांचे वेढे देऊन बनवलेला लवचीक शाफ्ट भार आल्यावर पिळला जाऊन आखूड होतो. म्हणून त्याच्या मागच्या टोकाला, आधार आणि प्रोपेलरला अडवणारा खटका यांच्यामध्ये 2 ते 3 मिलिमीटर जागा मोकळी ठेवतात. ती ठेवली नाही तर खटका आधारावर दाबून घासतो आणि दोन्ही तापून खराब होतात. या शाफ्टच्या वेढ्यांत पाणी दडून राहते, त्यामुळे दिवसाचा खेळ संपताच तो बाहेर काढून पुसावा, सुकवावा आणि ग्रीस लावूनच परत घालावा. एखादी तार जरी तुटलेली दिसली तरी तो पुन्हा वापरू नये.

जुने ग्रीस फेकण्यापूर्वी पांढऱ्या कापडावर पुसून उजेडात पाहावे. दुधी रंग आला असेल तर आत पाणी शिरले आहे, तपकिरी असेल तर गंज लागला आहे, सोनेरी चमक असेल तर बुश झिजतो आहे. करडे-काळे ग्रीस बोटांत चोळल्यावर खरखरीत लागले, तर शाफ्ट कापला जात असल्याची दाट शक्यता आहे आणि अशा वेळी नवे ग्रीस भरण्याआधी नळी व बुश दोन्ही धुऊन तपासायला हवेत.