धुतल्याने बरं वाटतं, तीच तर अडचण

कपाटातले शर्ट रंगांप्रमाणे लावणारा माझा एक मित्र "मला ना, थोडा ओसीडी आहे" असं हसत सांगतो. नाहीये त्याला. ओसीडी म्हणजे मंत्रचळ: एकच नकोसा विचार छळत राहतो आणि तो शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. हात धुण्याचा मंत्रचळ झालेल्या माणसाला असं हसू येत नाही. साबणाने कातडी सोलवटली तरी त्याचे हात नळाखालून निघत नाहीत. (नावात मंत्र असला म्हणून हा करणीचा प्रकार नव्हे. गंडेदोरे बांधण्यात फक्त वेळ जातो.)

हात स्वच्छ झालेत हे अनेकदा त्यालाही कळतं. मग तो थांबत का नाही?

कारण धुणं लागू पडतं! दाराच्या कडीला हात लागला की पोटात गोळा येतो, धुतला की विरतो. त्रास टळला की तो टाळणारी कृती पक्की होते. याला मानसशास्त्रात ऋण प्रबलन म्हणतात.

माझा आवडता प्रयोग १९५३चा, सॉलोमन आणि विन या संशोधकांचा. पेटीचे दोन कप्पे, मध्ये अडसर. दिवा मालवला की दहा सेकंदांत कुत्र्याला विजेचा झटका. पलीकडे उडी मारली की सुटका. (आज याला कुणी परवानगी देणार नाही.) कुत्री लवकरच झटक्याआधीच उड्या मारू लागली. मग झटका कायमचा बंद केला, तरी उड्या थांबेनात. थांबतील कशा? झटका बंद झालाय हे कळायला दहा सेकंद तिथेच उभं राहायला हवं, आणि नेमकं तेच कुत्रं करत नाही. काही झालं नाही याचं श्रेय दर वेळी उडीला जातं. इथे उडीच्या जागी साबण ठेवा.

त्यात जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणजे 'आता पुरे' असं सांगणारी खूणही नाही.

१९६६ साली लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी उलटा मार्ग धरला. रुग्णाला भीतीच्या वस्तूला हात लावायला सांगायचं, पण धुऊ द्यायचं नाही. अस्वस्थता चढते, आणि न धुताही ओसरते. आज ही उपचारपद्धती प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखाली पायरीपायरीने वापरतात, गरजेनुसार औषधांच्या जोडीने. घरच्यांनी उठून नळ बंद करणं म्हणजे उपचार नव्हे.

"अगं, स्वच्छ आहेत हात" असं आपण दहाव्यांदा सांगतो ना, तीही त्या कुत्र्याची उडीच. फक्त रुग्णाच्या वतीने आपण मारलेली.