मामा तलाव आणि त्यातला मालगुजार

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात मामा तलाव कुणाला ठाऊक नाही? मामा म्हणजे माजी मालगुजारी. सरकारी कागदातला हा शब्द आता गावकऱ्यांच्या तोंडी पक्का बसलाय.

माल म्हणजे शेतसारा, गुजार म्हणजे भरणारा. मालगुजार मुळात एवढाच: सारा गोळा करून सरकारात भरणारा. नागपूरकर भोसल्यांच्या काळात हे काम गावचा पाटील करायचा. गाव काही त्याच्या मालकीचं नव्हतं. 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, आणि 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तात, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवताना, इंग्रजांनी या सारा भरणाऱ्यांनाच मालक ठरवलं. मालगुजार वाड्यात राहू लागला तो त्या कागदाच्या जोरावर. शेजारच्या वऱ्हाडात रयतवारी आली, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घ्यायची पद्धत, तिथे मान राहिला देशमुखांचा. ‘ऐन-इ-अकबरी’तही नोंद आहे की इतरत्र ज्याला चौधरी म्हणतात, त्याला वऱ्हाडात देशमुख म्हणतात.

तलाव मात्र या मालकीहून कितीतरी जुने. गोंड राजांच्या राज्यात कोहळी समाजाने त्यातले बरेच बांधले, आणि माझ्या मते नाव त्यांचंच लागायला हवं होतं. काय ती नजर! दोन टेकड्यांमधला उतार हेरायचा, खालच्या अंगाला मातीची पाळ घालायची, जास्तीच्या पाण्याला बाजूने सांडवा ठेवायचा. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरतो, असे तलाव साखळीने भरतात. इथे खाली जुना कठीण खडक आहे, त्यात पाणी फारसं मुरत नाही. पाऊस भरपूर, पण धान निसवायच्या वेळी नेमकी दडी मारतो. तेव्हा तलावाचं एखादं पाणी मिळालं तरी पीक हाती लागतं. शिवाय पाळीतून झिरपणाऱ्या पाण्याने खालच्या विहिरी जगतात, ते वेगळंच.

1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले. पुढे कित्येकांत गाळ साचला, काठाने बेशरमची झुडपं माजली, बुडित जमिनीवर अतिक्रमणं झाली. गाळ काढायला हवाच, पण त्याआधी गावाचा ‘वाजिब-उल-अर्ज’ हा महसुली दस्तऐवज काढून वाचा. पाणी, मासेमारी, येण्याजाण्याची वाट यांबद्दलच्या गावच्या रूढी त्यात नोंदवलेल्या असतात. तलाव कुणाचा यावरून आज जी भांडणं होतात, त्यातली बरीच तिथेच मिटतील.