पिवळा रंग आला नाही, म्हणजे एन्झाइम थांबले असे नाही

चेतातंतूकडून स्नायूकडे निरोप नेणारे एक रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. निरोप पोचला की ते तत्काळ मोडावे लागते, नाहीतर स्नायू आखडूनच राहील. हे मोडण्याचे काम ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम करते आणि त्याचा वेग अफाट आहे: एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू मोडतो. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत ॲसिटिलकोलिन कमी पडते, म्हणून या एन्झाइमला आवर घालणारी औषधे देतात. त्यांपैकी गॅलँटामाइन स्नोड्रॉप आणि डॅफोडिल यांच्या कुळातल्या कंदांत सापडले. रिव्हॅस्टिग्माइनची घडण कॅलाबार शेंगेतल्या फायसोस्टिग्माइनवरून सुचली. वनस्पतींचे अर्क या एन्झाइमला आवर घालतात का, याची चाचणी जगभर चालते ती यामुळे.

चाचणी मुख्यतः एकच, १९६१ साली एलमन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली. एन्झाइमला ॲसिटिलकोलिनऐवजी गंधकयुक्त ॲसिटिलथायोकोलिन द्यायचे. ते मोडले की थायोकोलिन सुटते, ते डीटीएनबी या अभिकर्मकाशी जुळते आणि टीएनबी हा पिवळा पदार्थ तयार होतो. ४१२ नॅनोमीटरला त्याचे प्रकाशशोषण मोजायचे. पिवळेपणा जितका सावकाश वाढेल तितका अर्काचा रोध, म्हणजे एन्झाइमला अडवण्याची ताकद, जास्त, असे मानतात. या ‘मानतात’मध्येच बहुतेक चुका दडलेल्या असतात.

आधी अर्क. वनस्पती सावलीत वाळवून दळावी, एक भाग भुकटीला दहा भाग मिथेनॉल घालून २४ तास ठेवावे, गाळावे आणि हे तीनदा करावे. मिथेनॉल ४० अंशांच्या आत, कमी दाबाखाली उडवावे. सुका अर्क डीएमएसओ या द्रावकात मिलिलिटरला २० मिलिग्रॅम विरघळवून बफरने (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) दहापट पातळ करावा. डीएमएसओ स्वतःच हे एन्झाइम मंदावतो, त्यामुळे चाचणीच्या खाचेतले (प्लेटवरच्या छोट्या खळग्यातले) त्याचे अंतिम प्रमाण १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नये, आणि अर्क नसलेल्या नियंत्रण खाचेतही तो तेवढाच हवा.

९६ खाचांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खाचेत १४० मायक्रोलिटर फॉस्फेट बफर (०.१ मोलर, सामू ८), २० मायक्रोलिटर पातळ अर्क आणि २० मायक्रोलिटर एन्झाइम घालून २५ अंशांना १५ मिनिटे ठेवावे. मग १० मिलिमोलर डीटीएनबी १० मायक्रोलिटर आणि शेवटी १० मिलिमोलर ॲसिटिलथायोकोलिन आयोडाइड १० मायक्रोलिटर. एकूण २०० मायक्रोलिटर, म्हणजे अर्क मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम होतो. १५ मिनिटांची वाट टाळू नये: कार्बामेट गटातले रोधक एन्झाइमला हळूहळू पकडतात, घाई केली तर ते दुबळे दिसतात. ॲसिटिलथायोकोलिनचे द्रावण रोज ताजे करावे (१० मिलिलिटरला २८.९ मिलिग्रॅम) आणि बर्फात ठेवावे. ते जास्त घालूनही फायदा नाही, कारण अतिरेक झाला की हे एन्झाइम स्वतःच मंदावते. डीटीएनबीचा साठा सामू ७ च्या बफरमध्ये करून अंधारात ठेवावा. पातळ केलेले एन्झाइम प्लॅस्टिकला चिकटून वाया जाते, म्हणून एन्झाइमच्या बफरमध्ये ०.१ टक्के अल्ब्युमिन हे प्रथिन घालावे.

एन्झाइम किती घालायचे हे नियंत्रण खाच सांगते. शोषण मिनिटाला ०.०५ ते ०.१ इतके, पाच-दहा मिनिटे सरळ रेषेत वाढले पाहिजे. रेषा सुरुवातीलाच वाकत असेल तर एन्झाइम जास्त झाले. शेवटचा एकच आकडा वाचू नये, उतार, म्हणजे शोषण वाढण्याचा वेग, घ्यावा. नियंत्रणाचा उतार ०.०८० आणि अर्काचा ०.०३२, तर रोध ६० टक्के. उतार घेतल्याने अर्काचा मूळचा हिरवा-पिवळा रंग आपोआप वजा होतो, पण अर्क फार गडद असेल तर उपकरणाची मोजण्याची हद्दच ओलांडली जाते. तिथे अर्क पातळ करण्याशिवाय उपाय नाही.

प्रत्येक अर्कासाठी ब्लँक, म्हणजे एन्झाइम सोडून बाकी सगळे असलेली खाच, हवीच. ॲसिटिलथायोकोलिन सामू ८ ला थोडेसे आपोआपही मोडते. शिवाय अर्कात थायॉल (थायोकोलिनसारखे गंधकयुक्त रेणू) असले तर ते थेट डीटीएनबीला पिवळे करतात आणि खरा रोध झाकला जातो.

ब्लँक मात्र एक फसवणूक पकडू शकत नाही. अर्कातला एखादा घटक एन्झाइमला हातही न लावता थायोकोलिन आणि डीटीएनबी यांच्यातली पुढची क्रिया अडवतो. ॲल्डिहाइड आणि अमाइन जास्त प्रमाणात असले की असे घडते. रंग येत नाही, आकडा ‘रोध’ म्हणतो आणि एन्झाइम मात्र जोरात काम करत असते. याची तपासणी सोपी आहे. एन्झाइम वगळावे आणि थायॉलचा स्रोत म्हणून सिस्टीन घालावे. अर्कासह आणि अर्काविना रंग सारखाच आला तर शंका मिटली. अर्कासह फिका आला तर आधीचा रोध मोजूच नये. पंधरा मिनिटांचे हे काम बऱ्याचदा गाळले जाते, याची खरोखर हळहळ वाटते.

टॅनिन ही दुसरी अडचण. ते कोणत्याही प्रथिनाला चिकटते, त्यामुळे टॅनिनयुक्त साली आणि पाने सगळ्याच एन्झाइमांवर प्रभावी दिसतात. टॅनिन धरून ठेवणाऱ्या पॉलिव्हिनाइलपॉलिपायरोलिडोनने अर्क धुऊन पुन्हा मोजावा. पाण्यात गुठळ्या करणारे रेणूही असाच भास निर्माण करतात, ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे साबणासारखे द्रव्य घातल्यावर रोध मावळला तर तो गुठळ्यांचा होता. (ट्रायटन नियंत्रणातही घालावे.)

आणि एक गोष्ट ध्यानात येतच नाही: फवारलेले झाड. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट कीटकनाशके याच एन्झाइमला ठप्प करतात. बागेतून आणलेल्या पानांचा जबर परिणाम दिसला की आधी फवारणीची चौकशी करावी आणि न फवारलेल्या झाडावर चाचणी पुन्हा घ्यावी.

सोबत तुलनेसाठी गॅलँटामाइन हवे, त्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. अर्धा रोध करायला ते मायक्रोमोलरच्या आसपास पुरते, म्हणजे मिलिलिटरला सुमारे ०.३ मायक्रोग्रॅम. त्यामुळे ज्या अर्काला अर्ध्या रोधासाठी मिलिलिटरला ३०० मायक्रोग्रॅम लागतात तो निरुपयोगी ठरत नाही. त्यात ०.१ टक्का गॅलँटामाइनइतका समर्थ रेणू असला तरी हिशोब तंतोतंत जुळतो. तो शोधायला अर्काचे सिलिका भरलेल्या स्तंभावर भाग पाडतात आणि प्रत्येक भाग तपासतात. कधीकधी एकाही भागात रोध दिसत नाही. अशा वेळी सगळे भाग मूळ प्रमाणात पुन्हा एकत्र करून मोजावेत: रोध परतला तर दोन-तीन घटक मिळून काम करत होते, न परतला तर रेणू वाटेत बिघडला किंवा स्तंभातल्या सिलिकाला चिकटून राहिला.