पेन-कातकामाचे बुश : धातूची निवड

लाकूड, शिंग किंवा रेझिनची कांडी लेथवर कातून पेन घडवताना कांडीच्या दोन्ही टोकांना धातूची जी छोटी गोल कडी लावतात, ती बुश. कांडीला आरपार भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटवतात. मग ती मॅन्ड्रेल नावाच्या बारीक पोलादी दांड्यावर ओवतात आणि दोन्हीकडून बुश लावून नट आवळतात. बुशाचा बाहेरचा व्यास हा पेनाच्या त्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या भागाएवढाच ठेवलेला असतो. लाकूड बुशाच्या पातळीला आले की कातणे थांबवायचे. म्हणजे बुश कांडी धरतो आणि मापही दाखवतो. धातू निवडताना यातले दुसरे काम जास्त महत्त्वाचे, कारण माप दाखवणारी वस्तूच झिजली तर पेनाचे टोक आणि लाकूड यांच्यामध्ये बोटाला पायरी लागते.

बाजारात पेनाच्या बहुतेक किटचा (म्हणजे पेनाच्या सुट्या भागांच्या संचाचा) बुश वेगळा मिळतो. म्हणून ज्यांच्या हाताशी धातूचा लेथ आहे किंवा ओळखीचा टर्नर आहे, ते बुश घरीच करतात. मराठवाड्यात हे सोपे आहे. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा वसाहतींत वाहनांचे सुटे भाग करणारी असंख्य वर्कशॉप आहेत, आणि बोटाएवढे बारचे तुकडे तिथे रोज भंगारात जातात. एका बुशाला तेवढा तुकडा पुरतो.

सात मिमी नळीच्या सर्वांत प्रचलित किटचे उदाहरण घेतले, तर मॅन्ड्रेल सव्वासहा मिमीच्या आसपास आणि बुशाचा बाहेरचा व्यास साडेआठ मिमीच्या आत असतो. म्हणजे बुशाची भिंत जेमतेम एक मिमी जाड. एवढ्या पातळ भिंतीवर छिन्नी एकदा चुकून टेकली तरी मऊ धातूला खाच पडते.

पहिली पसंती माईल्ड स्टीलच्या (एम.एस., म्हणजे कमी कार्बनचे मऊ पोलाद) ब्राइट बारला, म्हणजे गुळगुळीत, मापात ओढलेल्या कांबीला द्यावी, आणि त्यातही फ्री-कटिंग, म्हणजे सहज कातता येणाऱ्या जातीला (ई.एन.-१ए). या पोलादात गंधक, आणि काही प्रकारांत शिसेही, मुद्दाम घातलेले असते. त्यामुळे किस (कातताना निघणारी धातूची चकती) तुटून पडतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत येतो. साध्या एम.एस.चा किस लांब लोंबतो, पृष्ठ ओरखडल्यासारखे राहते. पण हत्यार धारदार असेल तर त्याचाही बुश उत्तम होतो.

जालन्याच्या रोलिंग मिलमधली सळई मात्र या कामाला घेऊ नये. बांधकामाच्या या टीएमटी सळईचा बाहेरचा थर पाण्याने झटकन थंड करून कठीण केलेला असतो आणि गाभा मऊ राहतो. लेथवर आधी हत्याराची धार जाते, मग एकाएकी मऊ भाग लागतो. बांधकामासाठी हा गुण मोलाचा आहे, बुशासाठी तोच अडचणीचा. जुन्या शॉकअपचा रॉडही टाळावा, त्यावर हार्ड क्रोमचा थर असतो.

पोलादाचा खरा दोष पॉलिशच्या वेळी कळतो. मराठवाड्यात जुन्या औताची, तिफणीची, बैलगाडीची बाभूळ पेनासाठी आवडीने वापरतात, आणि ते योग्यच आहे. इतके घट्ट, वर्षानुवर्षे मुरलेले लाकूड विकत मिळत नाही. पण बाभळीत टॅनिन असते. पॉलिश पेपर बुशावरून फिरला की लोखंडाची बारीक पूड लाकडाच्या छिद्रांत शिरते, आणि ओल लागताच टॅनिनशी संयोग होऊन निळसर काळा डाग पडतो. हिराकस आणि हिरडा एकत्र करून काळी शाई करत, त्यातली रासायनिक क्रिया हीच. डाग खोल गेला तर पुन्हा कातण्यावाचून इलाज नाही. म्हणून बाभळीवर पोलादी बुश असताना पाण्याने घासू नये. कोरडे घासावे आणि पूड टोकांकडून मधे ओढली जाणार नाही याची काळजी घ्यावी.

यावर इथलाच एक चांगला उपाय आहे. बोअरवेलच्या सबमर्सिबल पंपाचा शाफ्ट बहुधा ४१० जातीच्या स्टेनलेसचा असतो, आणि रिवाइंडिंगच्या दुकानात निकामी शाफ्ट पडलेले असतात. हे स्टेनलेस चुंबकाला चिकटते, सहसा गंजत नाही आणि लाकडाला डाग जवळजवळ देत नाही. ३०४ जातीचे स्टेनलेस मात्र कातताना हत्यार नुसते घासले तरी जागच्या जागी कठीण होते. त्याला हत्यार दाबून, सलग काप देत चालवावे लागते.

पितळ कातायला सर्वांत सुखाचे. फ्री-कटिंग पितळात सुमारे ५८ टक्के तांबे आणि ३ टक्क्यांच्या आसपास शिसे असते. किस भुग्यासारखा पडतो, माप हवे तसे येते. पण पॉलिश पेपरखाली ते लवकर झिजते. एखाद-दुसऱ्या पेनापुरता बुश हवा असेल, तर पितळच घ्यावे. ॲल्युमिनियम त्याहून मऊ, शिवाय फिकट लाकडावर त्याची करडी छटा चढते. रेझिनच्या गडद कांडीला ते चालून जाते.

ई.एन.-८ या मध्यम कार्बनच्या पोलादात सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो, ते एम.एस.पेक्षा टिकाऊ आणि वाळूजच्या भंगारात हमखास सापडणारे. ते पाणी देऊन कठीण करण्याचा मोह अनेकांना होतो. पातळ भिंतीचा बुश तापवून विझवला की वाकतो, वर पापुद्रा धरतो आणि मग ग्राइंडिंगशिवाय मापात येत नाही. इतके करूनही पॉलिश पेपरवरचा कण कठीण पोलादापेक्षा कठीणच असतो, त्यामुळे झीज कमी होते, पण थांबत नाही. वर लाकडाची छिन्नी त्याला लागली की धार गेलीच. घरगुती कामाला हा खटाटोप परवडत नाही.

फेविक्विकसारख्या पातळ गोंदाचे थर देऊन चकाकी आणायची असेल, तर त्या वेळी धातूचे बुश काढून डेलरीन या प्लास्टिकचे शंकू लावावेत. गोंद त्यांना धरत नाही.

धातू कोणताही असो, भोक आणि बाहेरचा व्यास एकाच सेटिंगमध्ये काढावेत. बुश चकमधून (लेथच्या पकडीतून) काढून पुन्हा धरला की तो आउट, म्हणजे मध्य सोडून फिरतो आणि लाकूड एका बाजूला पातळ उतरते. ड्रिलचे भोक मापापेक्षा थोडे मोठे पडते, म्हणून आधी लहान ड्रिल मारून रीमर (भोक नेमक्या मापात आणणारे हत्यार) फिरवावा. मॅन्ड्रेलशिवाय दोन सेंटरच्या (लेथच्या टोकदार आधारांच्या) मधे कातायचे असेल, तर बुशाच्या तोंडाला सेंटर ड्रिलने ६० अंशांचा खड्डा घ्यावा. शेवटचे माप मात्र बुशाला लाकूड भिडले यावर न सोडता पेनाचा सुटा भाग आणि लाकूड दोन्ही व्हर्नियरने मोजून ठरवावे, आणि बुश मूळ मापापेक्षा ०.१ मिमीने कमी भरला की दुसरा करावा.