सेम्बेन, उस्मान
सेम्बेन, उस्मान : (१९२३ – ९ जून २००७). सेनेगलचे कादंबरीकार आणि चित्रपटदिग्दर्शक. ‘आफ्रिकी चित्रपटाचे जनक’ असा त्यांचा गौरव होतो. तीन कादंबऱ्यांनी फ्रेंच साहित्यात नाव मिळाल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ते चित्रपट शिकायला गेले. त्यांच्या कादंबऱ्यांतले हमाल, रेल्वे कामगार, बाजारात बसणाऱ्या बायका यांपैकी बहुतेकांना फ्रेंच वाचता येत नव्हते. अनेकांना कोणतीच लिपी येत नव्हती. ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्यापर्यंतच लेखन पोचत नाही, या अडचणीतून ते कॅमेऱ्याकडे वळले, आणि त्यांच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयामागे हीच अडचण दिसते.

जन्म दक्षिण सेनेगलमधील कासामान्स प्रांतात, झिगिंशोर येथे. वडील मच्छीमार. मुख्याध्यापकांशी झालेल्या झटापटीनंतर शाळेतून काढून टाकले, आणि औपचारिक शिक्षण तिथेच संपले. समुद्र लागत असल्याने वडिलांचा धंदाही जमेना. मग डाकारला जाऊन गवंडीकाम, नळकाम, गॅरेजातले काम असे मिळेल ते केले. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली फ्रेंच सैन्याच्या आफ्रिकी तुकड्यांत भरती झाली. परतल्यावर १९४७–४८ चा डाकार–नायजर रेल्वेचा मोठा संप त्यांनी जवळून पाहिला. त्याच सुमारास जहाजात लपून ते फ्रान्सला पोचले आणि मार्सेयच्या गोदीत कामाला लागले.

मार्सेय हीच त्यांची खरी शाळा. तिथे ते कामगार संघटनेत आणि कम्युनिस्ट पक्षात गेले. फ्रान्सच्या व्हिएतनाममधील युद्धासाठी जाणारी शस्त्रे अडवण्यासाठी गोदी कामगारांनी केलेल्या संपात सामील झाले. १९५१ मध्ये माल उतरवताना पाठीचा कणा मोडला. अंगमेहनतीची कामे थांबली आणि वाचन वाढले. बंदरातल्या काळ्या माणसांचे जगणे तिथे कुणी आतून लिहिलेले नाही हे जाणवल्यावर ते स्वतः लिहू लागले. ‘ले डोकेर न्वार’ (काळा गोदी कामगार) ही पहिली कादंबरी १९५६ साली आली. पुढच्याच वर्षी दुसरी.

‘ले बू द ब्वा द द्य’ (देवाच्या काटक्या, १९६०) ही त्यांची सर्वश्रेष्ठ कादंबरी होय. विषय तोच रेल्वेसंप. माणसे मोजली तर त्यांचे आयुष्य घटते, म्हणून मोजताना माणसांना ‘काटक्या’ म्हणायचे, या लोकसमजुतीवरून हे नाव आले. कादंबरीला एकच एक नायक नाही. पाणी तोडले, धान्य बंद केले, तरी न डगमगता थिएसहून डाकारपर्यंत पायी मोर्चा नेणाऱ्या बायका हा तिचा कणा आहे. संपाच्या कथेत चूल, विहीर आणि रिकामे हंडे एवढ्या ठामपणे मध्यभागी आणणाऱ्या कादंबऱ्या कोणत्याही भाषेत थोड्याच सापडतील.

१९६० साली सेनेगल स्वतंत्र झाला आणि सेम्बेन आफ्रिकेत परतले. तिथे फिरताना आपली पुस्तके आपल्याच लोकांच्या हाती नाहीत हे त्यांना लख्ख दिसले. १९६२ मध्ये ते मॉस्कोला गेले आणि गॉर्की स्टुडिओत मार्क दोन्स्कोय यांच्या हाताखाली चित्रपटकला शिकले. परतल्यावर केलेल्या ‘बोरोम सारेत’ (१९६३) या सुमारे वीस मिनिटांच्या चित्रपटात एका गाडीवानाचा एक दिवस आहे. दिवसभराची कमाई हातून जाते; गोऱ्यांनी वसवलेल्या, आता नव्या साहेबांच्या झालेल्या भागात गाडी नेली म्हणून पोलीस गाडीच जप्त करतात. घरी आल्यावर बायको मूल त्याच्या हाती देते आणि आज आपण जेवणार आहोत एवढे सांगून बाहेर पडते. ती कुठे गेली हे चित्रपट सांगत नाही.

‘ला न्वार द…’ (१९६६) हा सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकी दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट मानला जातो. मुळात ही त्यांचीच कथा, आणि तिला आधार वृत्तपत्रातल्या एका बातमीचा. डाकारची दिउआना मुले सांभाळण्यासाठी म्हणून फ्रान्समधल्या आंतीबला नेली जाते आणि तिथे घरात कोंडलेली मोलकरीण होते. तिने मालकिणीला प्रेमाने दिलेला मुखवटा पांढऱ्या भिंतीवर शोभेची वस्तू होऊन लटकतो. शेवटी ती त्या घरात जीव देते. या चित्रपटाला फ्रान्सचे झां व्हिगो पारितोषिक मिळाले. मात्र त्यात एक दुखरी विसंगती आहे : दिउआनाचे मनोगत आपल्याला सफाईदार फ्रेंचमध्ये ऐकू येते, तेही दुसऱ्या अभिनेत्रीच्या आवाजात. जिला मालकांच्या घरात बोलता येत नाही, तिचे मनही मालकांच्याच भाषेत बोलते. पुस्तकांची अडचण अशी पडद्यावरही त्यांच्या मागे आली होती.

ती सुटली ‘मांदाबी’ (मनीऑर्डर, १९६८) या चित्रपटात. हा वोलोफ भाषेतला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पैसा फ्रान्सचा असल्याने फ्रेंच आवृत्तीही करावी लागली, पण सेनेगलच्या प्रेक्षकाने प्रथमच आपली बोली पडद्यावर ऐकली. इब्राहिमा दिएंग या नायकाला पॅरिसात रस्ते झाडणारा त्याचा भाचा २५,००० फ्रँकची मनीऑर्डर पाठवतो. त्यातले दिएंगचे स्वतःचे फक्त २,०००. बाकी भाच्याच्या आईचे आणि बचतीचे. पैसे मिळायला ओळखपत्र हवे, ओळखपत्राला जन्मदाखला, आणि दाखल्याला जन्मतारीख, जी त्याला ठाऊक नाही. इकडे मनीऑर्डरीची बातमी गल्लीभर पसरते, उधारी वाढते, आणि शेवटी एक शिकलेला नातेवाईक सगळे पैसे गिळतो. सरकारी खिडकीपुढे ताटकळलेल्या कोणालाही हा चित्रपट समजावून सांगावा लागत नाही. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

त्यानंतर भाषा हा त्यांचा उघड लढा झाला. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भाषातज्ज्ञ पाथे दिआन्य यांच्याबरोबर त्यांनी ‘काद्दू’ हे वोलोफ नियतकालिक काढले. ‘एमिताई’ (१९७१) मध्ये दिओला भाषा वापरली. युद्धासाठी तांदूळ मागणाऱ्या फ्रेंच सैन्यापासून गावच्या बायका धान्य लपवतात ही त्याची गोष्ट. ‘खाला’ (१९७५) मधला नवश्रीमंत व्यापारी तिसरे लग्न करतो आणि त्याच रात्री नपुंसकतेच्या शापाने ग्रासतो. त्याच्या गाडीला बाटलीबंद फ्रेंच पाणी लागते. मुलगी मात्र हट्टाने त्याच्याशी वोलोफमध्येच बोलते. सेन्सॉरने या चित्रपटाला अनेक ठिकाणी कात्री लावली.

सर्वांत विलक्षण प्रकरण ‘चेद्दो’चे (१९७७). आफ्रिकेतील इस्लामचा प्रसार, ख्रिस्ती मिशनरी आणि गुलामांचा व्यापार यांना एकत्र जाब विचारणारा हा चित्रपट सेनेगलमध्ये बंदीत अडकला. सरकारने दिलेले कारण शुद्धलेखनाचे होते : नियमाप्रमाणे नावात एकच ‘द’ हवा, सेम्बेन दोन लिहितात. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष लेओपोल्द सेदार सेंघोर हे स्वतः फ्रेंचमध्ये लिहिणारे थोर कवी. सेम्बेन यांनी अक्षर बदलले नाही. चित्रपटाचा विषय पाहता खरी हरकत अक्षराला होती असे मानणे कठीण आहे.

थिएर्नो फाती सो यांच्यासह केलेला ‘कां द थिआरोय’ (१९८८) हा १ डिसेंबर १९४४ च्या हत्याकांडावर आहे. थकलेला पगार मागणाऱ्या, युद्धकैदेतून परतलेल्या आफ्रिकी सैनिकांवर डाकारजवळच्या छावणीत फ्रेंच सैन्याने गोळ्या झाडल्या. मृतांचा अधिकृत आकडा ३५ सांगितला गेला. अनेक इतिहासकार खरा आकडा त्याहून फार मोठा मानतात. या चित्रपटासाठी फ्रान्सचा पैसा नव्हता; सेनेगल, अल्जीरिया आणि ट्युनिशिया यांनी मिळून तो उभा केला.

‘गेलवार’ (१९९२) आणि ‘फात किने’ (२०००) यांनंतर आलेला ‘मूलादे’ (२००४) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. तो बुर्किना फासोतील एका खेड्यात बांबारा भाषेत चित्रित झाला. सुंतेच्या भीतीने पळालेल्या चार मुलींना कोले नावाची बाई आसरा देते आणि दारात त्या आसऱ्याची (मूलादे) खूण म्हणून एक रंगीत दोरी बांधते. ती दोरी ओलांडायची छाती गावात कोणाला होत नाही. गावचे पुरुष बायकांचे रेडिओ गोळा करून मशिदीसमोर जाळतात. त्या ढिगातले काही रेडिओ जळतानाही बोलत राहतात. वयाची ऐंशी उलटलेल्या सेम्बेन यांना या चित्रपटासाठी कान महोत्सवात ‘अं सर्तें रगार’ विभागाचे पारितोषिक मिळाले.

चित्रपटाला ते लोकांची रात्रशाळा म्हणत. आपले चित्रपट गावोगावी नेऊन दाखवत आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांशी बोलत बसत. फ्रेंचांशी दीर्घकाळ लढलेल्या सामोरी तुरे यांच्यावर भव्य चित्रपट करण्याचा विचार त्यांनी अनेक वर्षे बाळगला. त्यासाठी पैसा कधीच उभा राहिला नाही. डाकार येथे वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.