फ्लोटिंग न्यूट्रल की बॉन्डेड न्यूट्रल: जनरेटर चालू आहे, मग ट्रेलरमध्ये लाईट का येत नाही?

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेतल्या आपल्या कॅम्पिंगवाल्या मंडळींमध्ये एक प्रश्न हमखास फिरतो. नवा कोरा जनरेटर आणला, घरी ड्राइव्हवेवर चालू करून बघितला, ड्रिल चालली, फॅन चालला, सगळं ओके. मग ट्रेलरची केबल लावली तर आत ठार अंधार, आणि मध्ये लावलेल्या सर्ज प्रोटेक्टरच्या डब्यावर ई२ असं काहीतरी येतंय. जनरेटर परत करू का?

नका करू. जनरेटर चांगला आहे आणि डबासुद्धा बरोबर सांगतोय. प्रोग्रेसिव्ह इंडस्ट्रीज कंपनीच्या ईएमएसवर (म्हणजे तोच मधला डबा, सप्लाय तपासून मगच करंट पुढे सोडणारा) ई२ म्हणजे ओपन ग्राउंड, म्हणजे त्याला अर्थिंगची वायर न्यूट्रलशी कुठेच जोडलेली सापडत नाहीये, म्हणून तो पुढे करंट सोडत नाही. आता जनरेटर दोन जातीचे असतात, फ्लोटिंग न्यूट्रलचे आणि बॉन्डेड न्यूट्रलचे, बाहेरून दोन्ही सेम दिसतात, दोघांवर सॉकेटही तेच असतात, आणि दुकानातला माणूस वॅट सांगतो, आवाज किती सांगतो, हे मात्र सांगत नाही.

आधी न्यूट्रल आणि अर्थिंग यांची कामं वेगळी करून घेऊ. फेजमधून आलेला करंट उपकरणातून फिरून न्यूट्रलमधून परत जातो, म्हणजे न्यूट्रल ही रोज राबणारी वायर. अर्थिंगची वायर एरवी काहीच करत नाही, ती मिक्सरच्या, फ्रिजच्या, ट्रेलरच्या लोखंडी बॉडीला जोडून नुसती बसलेली असते, आणि आत फेज सुटून बॉडीला लागली की त्या क्षणी तिने तो करंट धाडकन परत न्यायचा असतो म्हणजे ब्रेकर पडतो. पण परत न्यायचा कुठे? जिथून करंट निघाला तिथे, म्हणजे जनरेटरच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलकडे. म्हणून अर्थिंग आणि न्यूट्रल कुठेतरी एकत्र जोडलेले लागतात, आणि नियम असा की एकाच ठिकाणी. घरात ते ठिकाण म्हणजे मेन पॅनल. आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे कॅम्पिंगचे ट्रेलर लावायच्या जागेत, तुम्ही ज्या खांबाला केबल लावता तिथला जोड पार्कच्या सप्लायमध्येच केलेला असतो. ट्रेलरच्या स्वतःच्या पॅनलमध्ये मात्र न्यूट्रलच्या पांढऱ्या वायरींची पट्टी वेगळी आणि अर्थिंगच्या हिरव्या-उघड्या वायरींची पट्टी वेगळी असते, मुद्दाम, कारण तिथे जोडलं तर रोजचा परतीचा करंट अर्थिंगमधून आणि चॅसीमधूनही वाहायला लागेल, आणि त्यात येणाऱ्या केबलचा न्यूट्रल कुठे ढिला झाला की बाहेर ओल्या गवतात अनवाणी उभं राहून पायरीला हात लावणाऱ्याला झटका.

म्हणजे ट्रेलर स्वतः जोड करत नाही, तो समजतो की करंट देणाऱ्याने केलाय. बॉन्डेड जनरेटरमध्ये न्यूट्रल आतूनच फ्रेमला आणि अर्थिंगच्या पिनला जोडलेला असतो, त्यामुळे ट्रेलर खूश. फ्लोटिंगमध्ये तो जोड नसतो, न्यूट्रल अधांतरी. आपल्या लोकांकडे असतात ते छोटे सुटकेससारखे इन्व्हर्टर जनरेटर बहुतेक फ्लोटिंगच. होंडाचंच बघा, ईयू२२००आय आणि ईबी२२००आय, बाजूबाजूला ठेवले तर भावंडं वाटतात, दोन्ही २२०० वॅटचे. पण ईयू फ्लोटिंग आणि ईबी बॉन्डेड, कारण ईबी बांधकामाच्या साइटवर वापरायला बनवलाय आणि तिथल्या सेफ्टीच्या नियमांसाठी त्याच्यावर जीएफसीआय सॉकेट (करंट दुसरीकडे गळाला की लगेच ट्रिप होणारे) दिलेत. नावात एका अक्षराचा फरक आणि ट्रेलरच्या दृष्टीने दोन वेगळी मशीनं.

तुमच्याकडचा कुठला ते मॅन्युअलमध्ये असतं, पण मॅन्युअल कोण शोधणार, मल्टिमीटर घ्या. जनरेटर बंद, त्याला काहीही लावलेलं नाही. मीटर ओहमवर. अमेरिकन सॉकेटमध्ये दोन उभ्या फटींपैकी जी लांब असते ती न्यूट्रल, गोल भोक ते अर्थिंग. एक पिन लांब फटीत, एक गोल भोकात. मीटर शून्याच्या आसपास दाखवतोय, बीप वाजतोय, तर बॉन्डेड. काहीच कनेक्शन दाखवत नसेल तर फ्लोटिंग. चालू करून व्होल्टेज मोजलं तरी कळतं: बॉन्डेडमध्ये फेज ते न्यूट्रल १२०, फेज ते अर्थिंग १२०, न्यूट्रल ते अर्थिंग शून्य. फ्लोटिंगमध्ये फेज ते न्यूट्रल १२०च असतं पण बाकी दोन्ही ठिकाणी साधारण ६०-६० असं विचित्र काहीतरी येतं, आणि ते आकडे बघून लोक घाबरतात. आपला गावाकडून आणलेला स्क्रूड्रायव्हर टेस्टर इथे काढूच नका, तो कधी दोन्ही फटींत मिणमिणतो, कधी कुठेच पेटत नाही.

आता इथे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाची एक खास गडबड होते. आपल्याकडे न्यूट्रल गेला म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण डीपीवर न्यूट्रल तुटला की आळीतल्या निम्म्या घरांत व्होल्टेज तीनशेच्या वर चढतं आणि टीव्ही, फ्रिज, सेट टॉप बॉक्स सगळं एका झटक्यात जळतं. जनरेटरचं फ्लोटिंग हे ते नाही. इथे न्यूट्रल तुटलेला नाही, तो शाबूत आहे, करंट नीट परत येतोय, फक्त अर्थिंगशी त्याचं लग्न लावलेलं नाही. फेज आणि न्यूट्रलमध्ये १२०चे १२०च राहतात, काही जळत नाही. आपल्याकडचा तो आळी जाळणारा प्रकार इथे ५० अँपच्या मोठ्या ट्रेलरमध्ये होऊ शकतो, कारण त्यात दोन फेज येतात, त्या दोघांमध्ये २४० असतात, आणि न्यूट्रल तुटला तर एका बाजूची उपकरणं भाजून निघतात. ३० अँपच्या ट्रेलरला एकच फेज असते, तिथे न्यूट्रल तुटला तर नुसतं बंद पडतं.

मग फ्लोटिंग बनवतातच कशाला? हा फॉल्ट नाही, त्यामागे विचार आहे. एकटाच जनरेटर, त्याला एक एक्स्टेन्शन, त्यावर एक ड्रिल, अशा वापरात फ्लोटिंग उलट सेफ, कारण तुमचा हात चुकून फेजला लागला तरी जमिनीतून करंटला परत जायला रस्ताच नाही, झटका बसलाच तर अगदी मामुली. भानगड पुढे होते. ट्रेलरमध्ये गिझरची कॉइल लीक होऊन फेज बॉडीला लागली तरी फ्लोटिंगवर ब्रेकर पडत नाही, काही कळतच नाही, सगळं मजेत चालू. पहिला फॉल्ट असा गपचूप बसून राहतो आणि मग दुसऱ्या ठिकाणी दुसरा फॉल्ट झाला की दणका बसतो. ट्रेलरमध्ये पंधरा ठिकाणी वायरिंग, रस्त्यावर हादरे, पाणी, उंदीर (हो, उंदीर, हिवाळाभर उभ्या ठेवलेल्या ट्रेलरमध्ये उंदीर वायरी कुरतडतातच), त्यामुळे तिथे पहिल्याच फॉल्टला ब्रेकर पडलेला बरा. म्हणून ईएमएस हट्ट धरून बसतो.

ओपन ग्राउंड वाचलं की नव्वद टक्के लोक एकच उपाय सुचवतात, जमिनीत रॉड ठोका. एका मित्राचे वडील सांगलीहून आले होते, जन्मभर वायरमनचं काम केलेलं, त्यांनी तर कॅम्पसाइटवर पार खड्ड्यात मीठ-कोळसा घालून अर्थिंग करायची तयारी दाखवली. घराच्या अर्थिंगसाठी ते बरोबरच आहे, पण इथे त्याचा उपयोग नाही. आठ फुटी तांब्याचा रॉड ठोकून जनरेटरच्या फ्रेमला जोडला तरी न्यूट्रल तिथे आतमध्ये सुटाच आहे ना, माती त्याला जोडून देणार नाही. रॉड ठोकल्यावरही ई२ तसाच. शिवाय प्लगने वापरायच्या पोर्टेबल जनरेटरला रॉड लागत नाही अशी अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडमध्येच मुभा आहे, कलम २५०.३४, आणि नॅशनल पार्कात खड्डे खणायला लागलात तर रेंजर येऊन वेगळंच काहीतरी सांगेल.

खरा उपाय खिशात मावतो. त्याला बॉन्डिंग प्लग म्हणतात. साधा १५ अँपचा तीन पिनांचा प्लग, आत पांढऱ्या चांदीसारख्या स्क्रूपासून हिरव्या स्क्रूपर्यंत १४ किंवा १२ गेजच्या वायरचा छोटा तुकडा, पितळी स्क्रू रिकामा, बाहेर कुठलीही केबल नाही. तो जनरेटरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये खुपसायचा की न्यूट्रल आणि अर्थिंग जोडले गेले, तुमचा फ्लोटिंग जनरेटर बॉन्डेड झाला. ईएमएस थोडा वेळ थांबून चेक करतो, तेवढा धीर धरा, मग क्लिक होऊन आत लाईट. तयार प्लगसुद्धा मिळतो, आणि वायरिंगची सवय नसेल तर तयारच घ्या, कारण या प्लगमध्ये वायर चांदीच्या स्क्रूऐवजी पितळी स्क्रूला लागली तर ट्रेलरची अख्खी बॉडी फेजला जोडली जाईल. दोन जनरेटर पॅरलल किटने जोडलेत तर दोघांमध्ये मिळून एकच प्लग. जनरेटर आधीच बॉन्डेड असेल तर हा प्लग लावायचाच नाही. आणि घराच्या भिंतीतल्या किंवा पार्कच्या खांबावरच्या सॉकेटमध्ये तर अजिबातच नाही, कारण तिथे जोड आधीच केलेला आहे.

आता उलटी बाजू, जी ह्यूस्टनकडच्या लोकांनी नीट वाचावी. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये गोठवणाऱ्या थंडीत लाईट गेली, २०२४ च्या जुलैत बेरील वादळात ह्यूस्टन परत अंधारात गेलं, तेव्हापासून कितीतरी घरांत जनरेटर आलाय आणि साहजिकच एकाच जनरेटरवर घर आणि कॅम्पिंग दोन्ही भागवायचं असतं. पण घरासाठी फ्लोटिंगच बरोबर. इलेक्ट्रिशियन घराच्या पॅनलवर जो इंटरलॉक (बाहेरची लाईट आणि जनरेटर एकाच वेळी चालू होऊ न देणारी पट्टी) बसवतो तो फक्त फेज बदलतो, न्यूट्रल घराचाच राहतो, आणि तो मेन पॅनलमध्ये अर्थिंगशी आधीच जोडलेला आहे. तिथे बॉन्डेड जनरेटर लावलात तर जोड दोन ठिकाणी झाला, परतीचा करंट न्यूट्रल आणि अर्थिंग दोन्हींमधून वाटून यायला लागला, आणि जनरेटरवर जीएफसीआय असेल तर तो फटकन पडतो. म्हणजे ट्रेलरमध्ये मक्खन चालणारा ईबी घराला लावला की ट्रिप, आणि घराला मक्खन चालणारा ईयू ट्रेलरला लावला की ई२, आणि दोन्ही वेळा माणूस जनरेटरला शिव्या घालतो! (घराच्या पॅनलचं काम लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर ड्रायरच्या सॉकेटमध्ये घालणाऱ्यांशी मी यावर वाद घालत नाही, तो जिवाशी खेळ आहे, तुमच्या आणि तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्याही.)

ई२ गेलं आणि एसी चालू करताना ई४ आलं तर ते वेगळं प्रकरण, ते लो व्होल्टेज, १०४ च्या खाली गेलं की डबा तोडतो. १३,५०० बीटीयूच्या एसीला चालताना दीड-एक हजार वॅट लागतात पण सुरू होताना खूप जास्त, त्यामुळे २२०० वाल्याला एसीला सॉफ्ट स्टार्टर (सुरू होतानाची ओढ कमी करणारा डबा) बसवल्याशिवाय ते झेपणं कठीण. त्यात उंचीवर प्रत्येक हजार फुटांमागे साधारण साडेतीन टक्के पॉवर कमी होते, म्हणजे योसेमिटी नॅशनल पार्कमधल्या ८,६०० फुटांवरच्या टुओलमी मेडोजला जवळजवळ तीस टक्के गेली. तिथे एसी लागतही नाही म्हणा. आणि योसेमिटीत जनरेटर लावायचाच तर सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढाच, तोही बेताने. जनरेटर ट्रेलरपासून, आणि शेजाऱ्याच्या तंबूपासूनही, किमान २० फूट लांब, धूर पलीकडे जाईल असा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

घर आणि ट्रेलर दोन्हींसाठी एकच घ्यायचा असेल तर माझं मत सरळ आहे, फ्लोटिंग घ्या. फ्लोटिंगला बॉन्डेड करायला तो खिशातला प्लग पुरतो आणि काढला की परत फ्लोटिंग. बॉन्डेडला फ्लोटिंग करायचं तर जनरेटर उघडून आतली जोडणी काढावी लागते, वॉरंटीचा प्रश्न येतो, आणि सहा महिन्यांनी कुठल्या अवस्थेत ठेवलाय ते तुम्हालाच आठवणार नाही. प्लगवर लाल टेप गुंडाळून "फक्त जनरेटर" असं लिहा आणि तो ट्रेलरच्या कपाटात ठेवा, घरच्या गॅरेजमध्ये चार्जरांच्या डब्यात नको.