पालकत्वातील मानसचित्रण व आत्मचिंतन

मुलाशी वागतानाचा एखादा अवघड प्रसंग आधीच डोळ्यांसमोर आणून त्यात आपण काय करू, काय बोलू याची मनात उजळणी करणे, म्हणजे मानसचित्रण. घडून गेलेल्या प्रसंगाकडे मागाहून शांतपणे पाहून त्या वेळी आपल्या आणि मुलाच्या मनात काय चालले होते हे शोधणे, म्हणजे आत्मचिंतन. मारणे, ओरडणे, चारचौघांत लाज काढणे यांऐवजी जिव्हाळा आणि स्पष्ट मर्यादा यांवर उभ्या असलेल्या सकारात्मक पालकत्वाचे साधन म्हणून या दोन रीती एकत्र वापरल्या जातात. ही स्वतंत्र उपचारपद्धती नव्हे. समुपदेशन, पालकशाळा, योगवर्ग यांतून ती वेगवेगळ्या नावांनी भेटते. माया आणि शिस्त दोन्ही राखणाऱ्या पालकांचे डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात केलेले वर्णन आणि युरोप परिषदेने २००६ मध्ये सदस्य देशांना केलेली शिफारस, हे सकारात्मक पालकत्वाच्या कल्पनेतील दोन ठळक टप्पे होत.

उगम : योगवर्गांतून या रीतीचे मूळ बहुधा पतंजलीच्या ‘वितर्कबाधने प्रतिपक्षभावनम्’ (२.३३) या सूत्रात दाखवतात. यम-नियमांच्या (योगातील आचारबंधनांच्या) आड हिंसादी वितर्क, म्हणजे त्यांच्या उलट जाणारे विचार, आले, तर प्रतिपक्षाची (विरुद्ध बाजूची) भावना करावी, असा त्याचा सरळ अर्थ. सूत्रांचा काळच मुळात वादग्रस्त आहे. योगसूत्रकार आणि (पाणिनीच्या व्याकरणावरील) महाभाष्यकार पतंजली एकच मानले, तर इ. स. पू. दुसऱ्या शतकापर्यंत मागे जावे लागते; सुरेंद्रनाथ दासगुप्त यांचा कल या मताकडे होता. जे. एच. वुड्स यांनी १९१४ मध्ये ही अभिन्नता नाकारली. अलीकडे फिलिप मास यांनी सूत्रे आणि त्यांवरील व्यासभाष्य ही टीका ही एकाच ग्रंथकाराची रचना मानून तिचा काळ इ. स. ४०० च्या आसपास धरला आहे. ग्रंथात जाणवणारे बौद्ध परिभाषेचे पडसाद पाहता उत्तरकालीन मत अधिक सयुक्तिक वाटते.

काळापेक्षा अर्थाचा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. वाईट चित्र पुसून त्याजागी चांगले आणणे, रागाच्या जागी मुलाचा हसरा चेहरा पाहणे, असा प्रतिपक्षभावनेचा अर्थ आज सर्रास सांगितला जातो. भाष्यात तसे नाही. संसाराच्या निखाऱ्यांवर भाजून निघत असताना मी योगधर्माला शरण आलो; टाकून दिलेले वितर्क पुन्हा जवळ करणे म्हणजे कुत्र्याने स्वतःचीच ओकारी चाटणे होय, असे साधकाने स्वतःला बजावायचे आहे. पुढील सूत्रात (२.३४) हिंसादी वितर्कांचे फळ अनंत दुःख आणि अज्ञान आहे हे ध्यानी घेणे, यालाच प्रतिपक्षभावना म्हटले आहे. मूळ रीत अशी परिणामांच्या रोखठोक विचाराची आहे. गोड चित्रे ही मागाहून पडलेली भर दिसते.

त्याच सूत्रातील वर्गीकरण घरातल्या व्यवहाराला नेमके लागू पडते, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली किंवा दुसऱ्याने केलेली मान्य करून घेतलेली. लोभ, क्रोध किंवा मोह यांतून उपजलेली. आणि मृदू, मध्य किंवा तीव्र, असे २७ प्रकार भाष्यकार करतो आणि पोटभेद धरून ते ८१ वर नेतो. ‘‘येऊ देत बाबांना घरी, मग बघ’’ हा ‘कारित’ हिंसेचा अस्सल घरगुती नमुना. ‘‘सर, नाही ऐकलं तर द्या दोन ठेवून, आमची काही हरकत नाही’’ हा ‘अनुमोदित’. ज्यांनी मुलावर कधी हात उगारला नाही, अशा पालकांनाही या दोन वाक्यांत स्वतःला शोधता येईल. (मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास शाळांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली आहे. पालकांच्या अनुमोदनाने तीत सूट मिळत नाही.)

उगमाचा दुसरा दावा बौद्ध मैत्रीभावनेचा, म्हणजे सर्वांविषयी स्नेह जागवण्याच्या ध्यानाचा. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषाने सांगितलेला क्रम असा : प्रथम स्वतः, मग आदरणीय व प्रिय व्यक्ती, मग तटस्थ, शेवटी वैरी. मेत्तसुत्त या पाली सूत्रात आई जशी एकुलत्या मुलाला जिवापलीकडे जपते, तशी मैत्री सर्व जीवांविषयी बाळगावी, असे म्हटले आहे. येथे आईची माया हा दृष्टान्त आहे. आईने मुलासाठी करावयाचा हा अभ्यास नव्हे. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील विपश्यनेत तर कोणतीही कल्पित प्रतिमा वापरण्यास मज्जाव असतो. त्यामुळे मुंबईतील गोराईच्या विपश्यना पॅगोडाकडे बोट दाखवून मानसचित्रणाची परंपरा सांगणे बरोबर नाही. दोन्ही दावे बाजूला ठेवले, तरी मानसपूजा आणि नामस्मरण यांत मुरलेल्या मराठी घराला मनात चित्र उभे करणे परके वाटत नाही, एवढे म्हणता येते. आजच्या तंत्राचे प्रत्यक्ष मूळ मात्र विसाव्या शतकातील मानसशास्त्रात शोधावे, हे बरे.

मानसशास्त्रीय वंशावळ : फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८० मध्ये लोकांना आपापले न्याहारीचे टेबल मनात आणून ते किती स्पष्ट दिसते ते सांगायला लावले आणि माणसामाणसांतील मोठा फरक नोंदवला. मनातली प्रतिमा खरोखर चित्रासारखी असते की ते शब्दरूप ज्ञानच असते, यावर स्टीफन कॉसलिन आणि झेनॉन पिलिशिन यांचा वाद १९७० च्या दशकापासून चालला. पालकत्वाच्या दृष्टीने त्याच्या निकालावर फारसे अवलंबून नाही. उपचारात जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये भीतीच्या प्रसंगांची पायरीपायरीने कल्पना करवण्याची पद्धत मांडली. तोच प्रसंग शब्दांत मांडण्यापेक्षा प्रतिमेतून आणल्यास भावना अधिक हलते, असे एमिली होम्स आणि अँड्र्यू मॅथ्यूज यांच्या २००५ च्या प्रयोगांत दिसले.

चिंतनाची बाजू मनोविश्लेषणातून आली. सेल्मा फ्रायबर्ग व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये पाळण्याभोवती वावरणाऱ्या भुतांची कल्पना मांडली. पालकाच्या बालपणातील न उलगडलेली दुखणी बाळाच्या खोलीत आगंतुकासारखी शिरतात. बाळ रडत असताना ते जणू ऐकूच न येणाऱ्या एका आईला आधी तिचे स्वतःचे जुने रडणे कोणीतरी ऐकून घ्यावे लागले, तेव्हा कोठे ती बाळाकडे वळली. लहानपणी काय घडले हे बहुतेकांना आठवते; त्या वेळी काय वाटले हे ज्यांना आठवते, ते ती पुनरावृत्ती टाळू शकतात, हा फ्रायबर्ग यांचा मुख्य मुद्दा. अलिशिया लीबरमन यांनी २००५ मध्ये त्याला जोड दिली : आजीने मांडीवर घेतल्याची, कोणीतरी पाठीशी उभे राहिल्याची एखादी मायेची आठवण मुद्दाम जागी केली, तर तीही पुढच्या पिढीपर्यंत पोचते. मानसचित्रण आणि चिंतन यांचा सांधा येथे जुळतो.

पीटर फोनागी यांच्या लंडनमधील अभ्यासात गरोदरपणीच आईची तिच्या बालपणाविषयी मुलाखत घेतली गेली. स्वतःच्या आईवडिलांच्या वागण्यामागचे मन ओळखून बोलणाऱ्या स्त्रियांची मुले वर्षाची झाल्यावर त्यांच्याशी सुरक्षितपणे जोडलेली असण्याचे प्रमाण अधिक होते (१९९१). ॲरिएटा स्लेड यांनी हीच क्षमता पालक-मूल नात्यापुरती नेमकी करून मांडली. ती मोजण्यासाठी पॅट्रिक लॉइटन व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १८ विधानांच्या प्रश्नावलीत ‘माझ्या मुलाच्या मनात काय आहे ते मला पक्के ठाऊक आहे’ अशी खात्री वेगळी मोजली जाते. तिचा अतिरेक गुण धरला जात नाही. ‘‘मी आई आहे त्याची, मला नाही कळणार?’’ या वाक्याचा त्यामुळे पुनर्विचार करावा लागतो.

कोणते चित्र उपयोगी : आदर्श पालक किंवा गुणी मूल डोळ्यांसमोर आणण्याने फारसे साधत नाही, याकडे पुराव्याचा कल आहे. लिएन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात परीक्षेतील चांगल्या गुणांचे स्वप्न पाहणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा अभ्यासाला बसण्याची कृती मनात पाहणारे सरस ठरले. इच्छापूर्तीच्या गोड कल्पनांनी प्रयत्न उलट ढिले पडतात, हे गाब्रिएले ओटिंगन यांनी दाखवले, तर ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा बांधणीचे महत्त्व पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडले. हे प्रयोग पालकांवर केलेले नाहीत. तरी पालकवर्गांत त्यांचाच आधार घेतला जातो.

मुंबईच्या वेळापत्रकात याचे रूप असे असू शकते. चर्चगेटहून बोरिवली लोकलने परतणारी आई अंधेरीनंतर बसायला मिळाले की डोळे मिटते. दार उघडताच काय दिसेल, ते ती क्रमाने पाहते : चालू टीव्ही, सोफ्यावर पालथे पडलेले दप्तर, अर्धा तसाच परत आलेला डबा, गणिताची कोरी वही. छातीत काय होते, जबडा कसा आवळतो, कोणते वाक्य ओठांवर येते, हेही ती चित्रात येऊ देते. मग ठरलेली जोडणी : कोरी वही दिसली, की आधी हातपाय धुवायचे, चहाचे आधण ठेवायचे आणि मग शेजारी बसून ‘‘कुठलं गणित अडलं?’’ एवढेच विचारायचे. राग आलाच नाही, असे चित्र काढायचे नसते. राग असलेल्या चित्रातच हात आवरता येतो का, हे पाहायचे असते. रात्री निजानीज झाल्यावर चिंतन : आवाज कोणत्या क्षणी चढला? त्या वेळी तो मला घाबरला होता, की कंटाळला होता? मला घाई कसली होती? ही प्रश्नावली दोनचार मिनिटांत संपावी. ‘मीच वाईट आई’ हे घोळवत बसणे म्हणजे चिंतन नव्हे. खंत उगाळणे आणि चिंतन या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे सुसान नोलेन-होक्सेमा व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले, आणि पहिली नैराश्याकडे नेते.

मुंबईतील संदर्भ : क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये नागपाड्यात सुरू झालेल्या समाजकार्याच्या शाळेने (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) पुढच्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र काढले. मुलाच्या अडचणीसाठी पालकालाही बोलते करण्याची प्रथा शहरात तेथून रुळली. दादरला ताराबाई मोडक यांनी शिशुविहार उभारून मुलाकडे आधी नीट पाहा, मग बोला, हा आग्रह मराठी पालकांपर्यंत नेला. वर्सोव्याला १९१८ मध्ये योगेंद्रजींनी स्थापलेली आणि आता सांताक्रूझला असलेली योगसंस्था ही गृहस्थांसाठीच्या योगाची जुनी जागा. ॲल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईचे कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. या पद्धतीत मॅक्सी मॉल्ट्स्बी यांनी १९७१ मध्ये आणलेल्या प्रतिमातंत्राला एलिस यांनी वेगळे वळण दिले : नकोसा प्रसंग पूर्ण तीव्रतेने मनात आणायचा, संताप येऊ द्यायचा आणि प्रसंग न बदलता संतापाचे रूपांतर नापसंतीत करायचे. वर वर्णिलेल्या लोकलमधल्या सरावाशी हेच तंत्र सर्वांत जवळचे आहे.

मर्यादा : गर्भसंस्काराच्या वर्गांत पोटातल्या बाळाचे रूपगुण चित्रणाने घडवण्याचे जे दावे होतात, त्यांचा येथील विषयाशी नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही आणि त्यांना पुराव्याचा आधारही नाही. एका खोलीच्या घरात, पाळ्यांच्या नोकरीत किंवा दारूच्या छायेत वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत केवळ आईने डोळे मिटून भागत नाही. बालपणी अत्याचार सोसलेल्या पालकाने जुन्या आठवणी एकट्याने उघडू नयेत. तेथे तज्ज्ञाची सोबत हवी. काहींना मनात चित्र उमटतच नाही. ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले. अशा पालकांना प्रसंग वहीत लिहून किंवा जोडीदाराबरोबर बोलून हाच सराव करता येतो.